बुडालेल्या महादेवाचं दर्शन

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. एकोणीसशे ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नागभीडला रेल्वेत नोकरीला होतो आणि स्वभावानं पक्का भांडकुदळ. भाजी शिळी निघाली तरी अख्खा बाजार डोक्यावर घ्यायचो. त्या हिवाळ्यात बायको चंद्रपूरच्या दवाखान्यात पडून होती. पोटातली गाठ पसरली आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तर मी त्या भल्या माणसावरच ओरडलो. तिला मी काही कळू दिलं नव्हतं. खाटेजवळच्या स्टुलावर बसून दिवसभर मनातल्या मनात महादेवाला शिव्या घालायच्या, एवढंच माझं काम उरलं होतं.

तिच्या मामाचं गाव सिंदेवाहीकडच्या जंगलात. तिथला मालगुजारी तलाव जुन्या जमीनदारानं बांधला तेव्हा महादेवाचं जुनं ठाणं पाण्याखाली गेलं आणि पिंड तिथंच राहिली. माघात पाणी निवळलं की गावातले ढिवर, म्हणजे मासेमार, नवसाच्या माणसाला तलावात नेऊन तिचं दर्शन घडवतात. एका दुपारी बायको म्हणाली, "थ्या महादेवाचा नवस बोलली आहे मी. मले तं जाणं होत नाई. तुम्ही जाऊन या."

"मले पोहता येत नाई, माहीत आहे ना तुले?"

"म्हणून तं जा म्हणते," ती म्हणाली आणि दमून डोळे मिटले.

बरं होण्याचाच नवस असणार, दुसरं काय? नाही कोणत्या तोंडानं म्हणू? तिच्या बहिणीला जवळ बसवून मी एसटी पकडली. सगळ्या वाटेनं महादेवाला काय म्हणायचं ते घोकत होतो. हिनं कुणाचं वाईट केलं नाही, न्यायचं तर मला ने, हिला ठेव. दोन-तीनदा ओठ हलले असतील, कारण शेजारचा माणूस सरकून बसला.

पाण्यात नेण्याचा मान तिथं एका ढिवर घराचा. त्या घरातली साठीची बाई मला न्यायला आली. काटक अंग, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. तिनं माझ्या हातातला नारळ आणि फुलं काढून पाळीवर, तलावाच्या बांधावर, ठेवली. "हात रिकामे पाहिजे, भाऊ. एक हात नाकाले, एक मले." लाकडाच्या खोबणीत काच बसवून मेणानं बुजवलेला चष्मा तिनं माझ्या डोळ्यांवर सायकलच्या ट्यूबनं बांधला. दातांत पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला. त्याचं वरचं टोक पाण्याबाहेर ठेवायचं, त्यातूनच श्वास घ्यायचा, आणि पालथं तरंगत खाली पाहायचं. बाकी ती ओढून नेणार होती. "हातपाय नोका मारू. गाळ उठते."

पाणी इतकं गार होतं की छातीपर्यंत गेलो तर श्वासच अडकला. ठाण्याच्या वर पुरुषभर पाणी होतं. तिनं माझं मनगट धरून मला पालथं घातलं. हिरवट उजेडात खाली काहीतरी काळं दिसू लागलं आणि माझा धीरच सुटला. हीच वेळ, आता मागून घे, असं वाटलं. "महादेवा" म्हणायला तोंड उघडलं. नळी निसटली, पाणी घशात गेलं. मी आंधळ्यासारखे हातपाय झाडले. खालचा सगळा गाळ वर आला, पुढचं काही दिसेना. आता मेलोच, असं वाटलं. तिचा हात मात्र सुटला नाही. तिनं मला उलटं करून उथळात ओढत आणलं.

पाळीवर तिनं काटक्या पेटवल्या. मी खोकत होतो, आणि खोकता खोकता रडू लागलो. पन्नाशीला आलेला माणूस, परक्या बाईसमोर हमसून हमसून रडलो.

"काय मांगून राह्यले होते, भाऊ?"

"बायकोचा जीव."

तिनं काटक्या आत सारल्या आणि म्हणाली, "तोंडात नळी असते तवा मांगता येत नाई. माह्या बापानं लय लोक नेले, मी बी नेले. कोनालेच नाई जमलं."

"मग लोक येतात काऊन?"

"पाहाले येतात, भाऊ. गाळ बसू द्या, मंग जाऊ."

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी मी काहीच केलं नाही. भांडायची ताकदच उरली नव्हती. अंग सैल सोडलं, ती नेईल तिकडे गेलो. आणि खाली पिंड दिसली. शेवाळलेली, एका बाजूनं फुटकी, तिच्या कडेनं बोटाएवढे मासे फिरत होते. इतक्या वर्षांत तिला कुणी फूल वाहिलं नव्हतं, नारळ फोडला नव्हता, आणि तरी ती होती. मी पाहत राहिलो. कितीतरी महिन्यांनी माझं डोकं गप्प झालं होतं. त्याला कृपा म्हणावं की थंडीनं आलेली गुंगी, यावर मी आता वाद घालत नाही.

परतीच्या एसटीत मात्र एकच विचार डोक्यात घोळत होता. बायकोचा नवस मी वाया घालवला होता. तिला काय तोंड दाखवू?

दवाखान्यात पोचलो तर ती जागी होती. "दिसला का?" तिनं विचारलं.

"दिसला. पण मागता नाई आलं गं मले. तोंडात नळी होती." एवढं बोलून मी मान खाली घातली.

ती हसली. त्या आजारात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मांगाचं नव्हतंच. मले ठाऊक आहे माह्यं काय होणार हाये थे. तुम्ही सांगत नव्हते, म्हणून मी बी बोलली नाई. नवस तुमच्यासाठी बोलली होती. मी गेल्यावर हा माणूस देवाशी भांडत एकटा बसू नये, त्याले एकदा तुह्यासमोर चूप बसव, एवढंच महादेवाले म्हटलं."

फाल्गुन लागला आणि ती गेली. रडलो, फार रडलो. पण देवाशी भांडलो नाही. तिचा नवस फेडायला आता मीच उरलो आहे, आणि तो रोज फेडतो. सकाळी देवापुढे बसतो, हात रिकामे ठेवतो, काही मागत नाही.