मायचं गाणं नाटकातून निघालं

मित्रहो, पायपेटीच्या भात्याचा तो धापा टाकणारा आवाज अजून कानात आहे. पडद्यामागे पलंग-खुर्च्या हलायच्या आणि तेवढ्या वेळात पुढे एखादं पद रंगायचं. शाळेत कविता घोकताना लागलेल्या नादानं मी जन्मभर अशीच पदं लिहिली.

आज सकाळी वणीहून आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकाचा फोन आला.

"काकाजी, लेक सासरी गेल्यावर मायचं जे गाणं आहे ना, ते काढून राह्यलो."

"काहून रे?"

"आता एलईडीचा पडदा आहे. बटन दाबलं का सीन बदलते. पब्लिकले कायले थांबवाचं?"

या वर्षी माझं तेवढंच एक गाणं होतं. दिवसभर घास गोड लागला नाही. खरं सांगा, गाणं काय फक्त सामान हलवण्यापुरतंच असतं?

हे लिहीत होतो तर कडी वाजली. दारात मायचं काम करणारी नटी! वणीहून बस पकडून थेट नेरला, माझ्या घरी. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली,

"काकाजी, लेक गेली का लगेच दुसऱ्या सीनमंधी मले हसाचं आहे. मंग मी रडू कधी?"