फाइलीतले हात

श्रीगोंद्याच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात वीसजण होते आणि त्यात मुली तीन. तिसरीचं पहिल्याच सहामाहीत लग्न ठरलं, ती गेली. उरल्या दोघी, जयमाला ओहोळ आणि रोहिणी लगड. दोघी एकाच गावच्या, एकाच एसटीनं यायच्या आणि एकाच टेबलावर काम करायच्या.

जयमालाचे वडील सहादू साखर कारखान्यात हंगामी कामगार होते, आई भागिरथी खुरपायला जायची. आयटीआयत नाव घातलं तर नोकरी लागेल, एवढ्या हिशेबानं जयमाला आली होती. रोहिणीचं तसं नव्हतं. तिच्या घरी तीन एकर ऊस होता, पण तिचा जीव उसापेक्षा विहिरीवरच्या मोटरीत जास्त. मोटर जळाली की ती वडलांच्या, छगनच्या, मागं लागून दुरुस्तीच्या दुकानात जायची आणि मोटर भरून होईपर्यंत तिथून हलायची नाही. मोटरच्या पोटात लोखंडी कडं असतं, त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची आणि दोऱ्यानं आवळून बांधायची, हे काम म्हणजे वाइंडिंग. वर्गातली पोरं तार दाबून, ठोकून बसवत. रोहिणीच्या हातात ती आपसूक सरकायची. वेटोळं नीट बसलं की ती जिभेनं 'टक्' असा आवाज करायची आणि पुढच्या खाचेकडं वळायची.

त्यांचे गोरक्षनाथ सर पहिल्या महिन्यापासून एकच गोष्ट सांगत आले होते. मार्कशीट सगळ्यांची सारखीच दिसते. तुमच्या हाताला काय येतं, ते कंपनीवाल्याला दिसलं पाहिजे. म्हणून प्रत्येकानं आपल्या कामाची फाइल करायची. दर कामाचे तीन फोटो काढायचे, मोटर आली तशी, अर्धी भरलेली आणि पूर्ण झालेली. खाली दोन ओळी लिहायच्या, काय बिघडलं होतं आणि आपलं कुठं चुकलं. तोंडाचे फोटो नकोत, काम दिसू द्या, असं ते बजावून सांगत.

रोहिणीकडं साधा बटणांचा फोन होता. त्यामुळं दोघींचे फोटो जयमालाच्या मोबाईलमध्ये जमत गेले. रोहिणी काम करी, जयमाला वाकून फोटो काढी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोघींच्या फाइली एकदमच छापून आणायच्या, असं ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रोहिणीला ताप आला. गावच्या डॉक्टरनं दोन दिवस गोळ्या दिल्या, मग रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. रात्रीतून तिला नगरला नेलं आणि आठव्या दिवशी पहाटे तिथल्या दवाखान्यात ती वारली. जयमालाला कळलं तेव्हा सुट्टी संपली होती आणि ती एसटी स्टँडवर दोघींसाठी जागा धरून बसली होती.

फेब्रुवारीत सरांनी फाइली मागितल्या. सुप्याच्या एमआयडीसीतून पंप बनवणारी एक कंपनी मुलं निवडायला येणार होती. जयमालानं मोबाईल उघडला, आणि दोन वर्षांत जे ध्यानात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. फोटो काढणारी तीच, त्यामुळं तिच्या स्वतःच्या कामाचे फोटो जेमतेम अकरा होते. त्यातलेही निम्मे रोहिणीनं हसत हसत काढलेले, हललेले. बाकी सगळीकडं रोहिणीचे हात होते. दोघींचा निळा ॲप्रन एकसारखा, मनगटापर्यंत बाही एकसारखी. फरक एकच. रोहिणीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं, लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात सापडल्यापासून. पण ते बघायला फोटो मोठा करावा लागायचा.

तिनं आधी एकच फोटो घेतला. मग त्या कामाचे तिन्ही घ्यावे लागले. एक चांगलं काम आलं म्हटल्यावर त्याच्या शेजारी आपलं ओबडधोबड काम कसं दिसेल, म्हणून दुसरंही घेतलं. असं करता करता सहा कामं रोहिणीची झाली. खालच्या ओळी मात्र तिनं स्वतः लिहिल्या. 'माझं इथं चुकलं' असं लिहिताना पेन अडखळलं, कारण त्या कामात चूक नव्हतीच. तिनं चूक मनानं लिहिली.

गोरक्षनाथ सरांनी फाइल चाळली. पाचव्या पानावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी शेवटच्या पानावर सही केली आणि फाइल मिटून परत दिली. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे जयमालानं कधी विचारलं नाही.

कंपनीतून अमृत बोरुडे नावाचे सुपरवायझर आले होते. बाकीच्यांच्या फाइली त्यांनी वरवर बघितल्या. जयमालाची फाइल त्यांनी खिडकीपाशी उजेडात नेली. बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी मोजल्यासारख्या बघितल्या आणि म्हणाले, अशा हाताचं माणूस मला चार वर्षांत मिळालं नाही. निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं.

सुप्याला ती दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहिली. पहिल्या महिन्यात तिचं काम फोटोसारखं येईना. नवीन जागा आहे, हात बसेल, असं अमृत सर स्वतःच म्हणाले. ती जेवायच्या सुट्टीतही रद्दीतले स्टेटर घेऊन सराव करायची. रोहिणीनं तार कशी धरली होती, कोपर कुठं टेकवलं होतं, ते मोबाईलमध्ये बघायचं आणि तसंच करायचं. चौथ्या महिन्यात एकदा वेटोळं खाचेत अलगद उतरलं आणि 'टक्' आवाज झाला. तिनं चमकून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. आवाज तिच्याच तोंडातून आला होता. त्यानंतर तो थांबवू म्हटलं तरी थांबेना.

त्याच सुमारास कंपनीत नव्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी भिंतीवर बोर्ड लावायचं निघालं. अमृत सरांना ती फाइल आठवली. पंधरा दिवसांनी जयमाला सकाळी कामावर आली तर समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढे, रोहिणीचे हात होते. अर्धा भरलेला स्टेटर, त्यात सरकत चाललेली तार आणि डावा अंगठा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आदर्श वाइंडिंग : जयमाला सहादू ओहोळ'. लोकांनी तिचं अभिनंदन केलं. कुणीतरी पेढे आणले.

तिची जागा नेमकी त्या भिंतीसमोर होती. मान वर केली की हात दिसायचे. मान खाली घातली तरी ते तिथं आहेत हे कळायचंच. गावी तिनं कधी रोहिणीला रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या फोटोतही राग नव्हता; हात आपलं काम करत होते. तेच तिला सोसायचं नाही. एवढा मोठा फोटो, आणि ते काम कधी पुरं होणार नव्हतं.

एकदा एका नव्या मुलीनं भिंतीवरच्या फोटोकडं बघत सहज विचारलं, "ताई, तुमचं नख असं वाकडं का?" जयमालानं हात मुठीत घेतला आणि मार लागला होता म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या अंगठ्याला वाइंडिंगची पांढरी पट्टी गुंडाळून कामावर येऊ लागली. महिना गेला, दोन गेले. तिच्या अंगठ्याची जखम भरत नाही असं सगळ्यांना वाटू लागलं. एकजणीनं हळदीचा लेप सांगितला.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊन बघू देतात. सहादूला हंगामाची तयारी होती, म्हणून भागिरथी एकटी येणार होती. पण गेटवर जयमाला घ्यायला गेली तर आईच्या शेजारी रोहिणीची आई छबूबाई उभी होती. पोर गेल्यापासून ती कुणाकडं जात-येत नव्हती. आपली रोहिणी असल्या ठिकाणी लागली असती, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं तिनंच भागिरथीला म्हटलं होतं.

जयमालानं दोघींना आधी ऑफिसच्या बाजूनं फिरवलं, मग बाग दाखवली, मग कँटीन. शेवटी छबूबाईच म्हणाली की तू कुठं बसतीस ते दाव.

यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. लोक प्रसाद घ्यायला पुढं सरकत होते. छबूबाई भिंतीपाशी थांबली आणि तिथून हललीच नाही. पदर सावरून तिनं फोटोतल्या अंगठ्यावर तळवा ठेवला, नंतर त्या नखावरून हळूच बोट फिरवलं.

"ही आमची रोहिणी," ती म्हणाली.

मागं भागिरथी उभी होती.

"हिच्या हाताचा फोटू न्हाई घरी. तोंडाचा हाय, आधारकार्डावरचा." छबूबाईची नजर खाली अक्षरांवर गेली. तिला वाचता येत नव्हतं. "जयू, खाली काय लिवलंय गं?"

जयमालानं अक्षरांकडं बघितलं. आपलं नाव वाचून दाखवावं एवढंच करायचं होतं.

"आदर्श वाइंडिंग," ती म्हणाली, "रोहिणी छगन लगड."

छबूबाईनं ती अक्षरं एकेक करून बोटानं चाचपली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते जयमालाला बघवलं नाही. जिलेबीची पुडी घेऊन दोघी एसटीला निघाल्या. छबूबाई आधी चढली. भागिरथी पायरीवर पाय ठेवून मागं वळली आणि लेकीला एवढंच म्हणाली, "मला चौथीपतूर वाचता येतं."

एसटी गेल्यावर जयमाला बराच वेळ स्टँडवरच बसून राहिली.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी ती अमृत सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. फाइलीतली कोणती पानं तिची, कोणती रोहिणीची, चूक कशी मनानं लिहिली, तेही. अंगठ्याची पट्टी सोडून तिनं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. सर चिडले नाहीत, पण चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, आत्ता जे काम करतेस ते कुणाचं? ती म्हणाली, माझं, पण तिच्याकडं बघून शिकलेलं.

गोष्ट वरपर्यंत गेली. तिला लेखी खुलासा द्यावा लागला. तिघांच्या समोर दोन स्टेटर भरून दाखवावे लागले. ते बिनचूक निघाले. नोकरी राहिली, पण कायम करणं सहा महिने पुढं ढकललं आणि कंपनीतल्या तिच्या नोंदीत ताकीद लागली. फोटो उतरवायचा ठरला. तो राहू द्या, नुसतं नाव बदला, म्हणून तिनं विनवलं. अमृत सर म्हणाले, जी मुलगी इथं कधी कामालाच नव्हती तिचं नाव कंपनीच्या भिंतीवर कसं लावू? बोर्ड मात्र त्यांनी तिला नेऊ दिला.

त्या रविवारी बोर्ड जुन्या चादरीत बांधून, एसटीच्या मागच्या सीटपाशी उभा धरून ती गावी आली. छबूबाई ओट्यावर बसली होती, छगन बैलाला पाणी दाखवत होता. जयमालानं चादर सोडली आणि त्या दिवशी खोटं वाचलं होतं, हे सांगितलं. खरं काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. फाइलचंही सांगितलं.

छबूबाई कितीतरी वेळ त्या हातांकडं बघत राहिली.

"म्हंजी तिनंच तुला कामाला लावून दिलं," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग होता की माया, ते जयमालाला आजवर उमगलेलं नाही.

छगननं गोठ्यातून विळा आणला, बोर्डासमोर उकिडवं बसून खालच्या नावाची पट्टी खरवडून काढली आणि विळा तिथंच टाकून रानात गेला. तो जयमालाशी त्यानंतर आजपर्यंत बोललेला नाही.

जयमाला आता कायम झाली आहे. नव्या मुलांना हात धरून शिकवते, आणि फाइल करताना प्रत्येक फोटोत ज्याचं काम त्याचं नाव लिहिलंय ना, हे स्वतः तपासते. मुलांना ती जरा जास्तच कडक वाटते.

गावी गेली की एसटीच्या थांब्यावरून घरी जायला दोन वाटा आहेत. एक लगडांच्या दारावरून जाते. त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असतं आणि समोरच्याच भिंतीला तो बोर्ड टेकवलेला आहे, त्यामुळं रस्त्यावरूनही हात दिसतात. कधी ती आत जाते, छबूबाईच्या हातचा चहा घेते, कंपनीतल्या चार गोष्टी सांगते. कधी पाय उचलत नाही. मग ती बॅग डोक्यावर घेते आणि लांबच्या, ओढ्याकडच्या वाटेनं घरी जाते.