मागच्या भिंतीतले केस

अन्याय झाला तो शेवंताकाकूवर. २००३ सालच्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या तोंडावर, शिरड शहापूरला, माझ्या सख्ख्या चुलत्याच्या घरात. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही नेमकं तेच विसराल...

मी असलं काही मानणारी नाही. ‘भानामती झूठ आहे’ ही पत्रकं मी गावोगाव वाटलीत. आजही वाटते.

काकूला छातीचा कॅन्सर. नांदेडला पहिलं सलाईन झालं आणि केस मुठीनं हातात यायला लागले. “बरं झालं, तेल वाचलं,” काकू हसायची. डॉक्टरांनी सांगितलंच होतं – औषधानं जातात, नंतर परत येतात. आमच्याकडं बायका गुंतवळ फेकत नाहीत. भिंतीच्या चिरेत खोचून ठेवतात. केसवाली आली की त्यावर सुया, भांडी मिळतात. काकूनंही तेच केलं. केसवालीनं स्टीलचा डबा दिला, काकूनं मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या सलाईनची तारीख आली, तर काकूची सासू, म्हणजे माझी आजी, दारात आडवी. “सवाशिणीचे समदे केस परक्या बाईच्या हातात गेले. भानामती केली तिनं. केस घरात आल्याबिगर दवाखाना न्हाई!”

“आणून दिले तर पाठवाल?”

“आण की! आली मोठी कागदं वाटणारी!”

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात केसवाली सापडली. काकूचं नाव काढताच ती सामान आवरायला लागली.

“म्या नेलेच न्हाई, ताई. चिरेत हात घातला, केस लागले. ओढले तर... आतून कुणीतरी धरून राहिलं व्हतं. तशीच पळाले.”

मला हसू आलं. भर दुपारी घरी आले, सासूला सोबत घेतलं, चिरेत हात घातला. केस होते. ओले, गार. ओढले – येईनात. मग जोरात हिसका दिला.

घरापुढं लिंबाखाली बसलेली काकू किंचाळली.

आम्ही धावलो. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. “काहून ओढलेस गं माझे केस?” त्या गुळगुळीत डोक्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटत होते. माझ्या मुठीत एकही केस नव्हता.

“पाहिलंस?” सासू म्हणाली. “आता बोल.”

मी बोलले. भांडले. औषध छातीसाठी आहे, भिंतीसाठी नाही, म्हणून ओरडले. चुलत्याचे पाय धरले. तो जमिनीकडं बघत म्हणाला, “जाऊ दे, बाई.”

दुसरं सलाईन झालं नाही. दिवाळीच्या आत काकू गेली.

ती भिंत कितीदा लिंपली, चीर तिथंच पडते. आत काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण काकूला भिंतीनं मारलं नाही. तारीख माणसांनी चुकवली.

तुमच्या घरात कुणाचे असे केस जात असतील, तर आधी तिला उठवा, डोक्यावर पदर द्या आणि पुढच्या तारखेला गाडीत बसवा. भिंतीत काय आहे, ते परत आल्यावर बघा.