चिखलातला चहा

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधावर चहा आला की सगळ्या बाया चिखलातून वर यायच्या. माझी बायको यायची नाय. गुडघाभर पाण्यात उभी राहूनच प्यायची. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "बांधावर साप हाय का गो?" बाया हसायच्या. तीही हसायची. मला वाटायचं, कामाची हौस.

तेव्हा तिची पाळी मागंपुढं व्हायला लागली होती. अंगातून वाफा निघायच्या. शिंकली, ओझं उचललं की लघवी सुटायची. चिखलात साडी भिजलेली कळत नाय, म्हणून ती वर येत नव्हती. तीन आवण्या मला हे कळलं नाय. तिनं लग्नकार्याला जायचं सोडलं तेव्हा मी भांडलो, आणि तिनं रडत सांगितलं.

शहापूरला व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण भेटली. लघवी अडवताना आवळतात ते खालचे स्नायू आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. ओझं उचलताना श्वास कोंडायचा नाय. बायको आकडे चुकायची, म्हणून चुलीपाशी मी मोजायचो.

"मागं बैल लागलाय काय? सावकाश मोजा," ती म्हणायची.

चारेक महिने मोजलं. मुरबाडच्या एका लग्नात ती सतरंजीवर शेवटपर्यंत बसली. पुढच्या आवणीला बांधावर येऊन चहा प्यायली. ती एकच आवणी. थंडीत तापानं गेली.

चुलीपाशी बसलो की अजून मोजतो. जरा घाई झाली की मागून आवाज येतो, सावकाश. मी वळून बघत नाय.

यंदा धाकटी मेहुणी आवणीला आली होती. चहा आला, सगळ्या वर आल्या. एक चिखलातच उभी. पाठ तिचीच. पदर खोचायची तऱ्हा तिचीच. माझ्या हातावर चहा सांडला. मग ती वळली, तेव्हा मेहुणी दिसली.

"दाजी, इथंच द्या. वर-खाली कोण करील?"

सापाचं ते जुनं बोलणं तोंडाशी आलं होतं. गिळलं. कप घेऊन चिखलात उतरलो आणि हळूच विचारलं, "शिंकलीस की लघवी सुटते?"

तिनं बांधाकडं बघितलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तुझ्या बहिणीनं. मी उशिरा ऐकलं. सोमवारी शहापूरला चल."

तिनं कप घेतला. नको म्हणाली नाय. बाया बांधावरून माझ्याकडं बघून हसत होत्या. तिचा चहा संपेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.