पद्माअक्काची दुरुस्ती

पद्माअक्का संगणकापुढे बसली की आधी घडी घातलेलं वर्तमानपत्र पडद्यावर आडवं धरायची. वर प्रोग्रॅममधली फक्त पहिली चूक दिसली पाहिजे. पुण्याहून नुकतीच आलेली मी, चुकांच्या त्या पानभर ओळी बघून माझी बोबडीच वळली होती. "स्वल्प थांब गं," ती म्हणाली. "पहिलीला धर. बाकीच्या सगळ्या तिच्या मागनं आलेल्या वऱ्हाडी." पहिली दुरुस्त केली आणि निम्म्या खरंच गायब झाल्या.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. बंगळूरच्या आमच्या ऑफिसात ती सगळ्यांची अक्का. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण रागावायची कन्नडमध्ये. चित्रांच्या फायली उघडणारी सी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार कोड, तिनं लिहिली होती आणि नेटवर सगळ्यांना फुकट वापरायला, बदलायला खुली ठेवली होती. एका बनावटीच्या यंत्रावर ती सुरळीत चालायची, दुसऱ्यावर कंपाइलसुद्धा व्हायची नाही, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरायचीच नाही. मग जगभरातून तक्रारी. घरी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले वडील, अण्णा, कमावणारी ही एकटी, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बाई परक्यांच्या चुका निस्तरत बसलेली! मला तिचा रागच यायचा. "अक्का, जेव तरी." "जेवते गं. त्याचं अडलंय ना तिकडं."

पुढे आमच्या एका गिऱ्हाइकाला तीच लायब्ररी नव्या चौसष्ट बिटांच्या यंत्रावर हवी झाली. तसं यंत्र आमच्याकडे नव्हतं, पोलंडमधल्या एका प्राध्यापकाकडे होतं. अक्का बदल करून ई-मेलनं पाठवायची, तो तिकडे कंपाइल करून उरलेल्या चुका परत धाडायचा. मूळ दुखणंही त्यानंच शोधलं. मेमरीतला पत्ता ठेवायला अक्कानं राखलेली जागा या यंत्रावर अपुरी पडत होती. "शेण मीच खाल्लं होतं की," म्हणून ती मनापासून हसली.

दुरुस्ती झाली आणि मॅनेजरांनी तिला बोलावलं. ते निपाणीचे, तसे भले गृहस्थ. ही दुरुस्ती आता गिऱ्हाइकाची, नेटवर टाकाल तर नोकरी जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"अर्धी भाकरी त्या पोलंडच्या प्राध्यापकानं थापली सर, आणि त्यालाच उपाशी ठेवायचं? सगळ्यांना देईन असा शब्द दिलाय मी."

"पद्माबाई, अण्णांचा तरी विचार करा."

तिनं रात्रभर केला असावा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं दुरुस्ती नेटवर टाकली आणि स्वतःच जाऊन त्यांना सांगितलं. संध्याकाळी तिचा खण रिकामा झाला. बसस्टॉपपर्यंत मी सोबत गेले. तिचा अभिमान वाटत होता आणि अण्णांची काळजीही.

काही महिन्यांनी हेब्बाळला तिच्या घरी गेले. दुसरी नोकरी मिळाली नव्हती, ती शिकवण्या घेत होती. मी गेले तेव्हा ती अण्णांचा लुळा हात धरून वर-खाली करत होती.

"व्यायाम करवायला येत होते, त्यांना बंद केलं. सरी, चालतंय, मला जमतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा हात उचलताना रोज वाटतं, चुकलं का गं माझं?"

असं विचारणारी अक्का मी कधी पाहिली नव्हती. "नाही," मी म्हणाले, पण फारच घाईनं.

सगळं ऐकत पडलेल्या अण्णांनी डोळे मिटून घेतले.