आकडसासूची पुराची तालीम

दोन हजार एकोणीस साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि अडुसष्ट वर्षांत माझ्या आकडसासूएवढी येडी बाई मी काष्टीच्या बाजारातसुद्धा पाहिली नव्हती, जिथं दर शनिवारी दहा गावची येडी गोळा होतात. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून दिवाळीला पाया मी तिच्या पडायचं अशी रीत. आता मी शाळा चौथीच शिकलो असेन, पण स्वतःच्या हातांनी विहीर पाडलेला माणूस. मी आपला वाकल्यासारखं करायचो, टोपी सरळ करायचो आणि उभा राहायचो. चाळीस वर्षं हे असंच चाललं.

आक्का पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर तीस हंगाम ऊस तोडलेली. दसरा झाला की अर्ध्या तासात घराचं बोचकं बांधायचं, माणसं, शेरडं, कोंबड्या सगळं ट्रकात घालायचं आणि कारखान्याची वाट धरायची, हा तिचा जन्माचा सराव. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा बायकोनं तिला आमच्या रानात नदीच्या अंगाला पत्र्याची खोली टाकून दिली. तरी त्या खोलीत तिनं भिंतीला एक खिळा ठोकला नाही. म्हणायची, “घर म्हंजी पाटीत बसंल तेवढंच, पावनं. बाकी सगळा पसारा.”

नदी दिसायला लागल्यापासून तिनं पुराची तालीम सुरू केली. दर शनिवारी, न चुकता. जर्मलच्या ताटलीवर उलथनं तीनदा वाजवायची, की दोन शेळ्या, अकरा कोंबड्या आणि एक कुत्रा जिथं असतील तिथून धावत यायचे. ताटली वाजल्याशिवाय कुणाला खाऊ नाही, हा तिचा कायदा. कुत्र्याचं नाव मुकादम, कारण तो सगळ्यांवर ओरडायचा आणि काम काही करायचा नाही. मांजरीला तिनं झाकणाच्या टोपलीतच निजायची सवय लावली होती, म्हणजे ऐन वेळी तिला वाटावं, आपण घरातच आहोत. प्रत्येकाच्या गळ्यात नाहीतर पायात जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी, गर्दीत आपलं कोण ते कळायला. शेळ्यांच्या लशीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कमरेला. स्वतःचं आधार कार्ड मात्र आढ्याला खोचलेलं. ते म्हणे हरवलं तर सरकार दुसरं देईल. अशी ही वरात टेकडीवरच्या शाळेपर्यंत जायची आणि कोंबड्यांना दाणे टाकून परत यायची. एकदा माझ्या चुलतभावानं ती लांबून पाहिली, त्याला वाटलं खरंच पाणी आलं, आणि तो टीव्ही डोक्यावर घेऊन टेकडी चढला. वर आक्का निवांत बसलेली. ती त्याला एवढंच म्हणाली, “टीव्ही आनलास, म्हातारीला कुठं इसरलास?” त्याची आई खाली पडवीत शेंगा फोडत होती.

शनिवारीच का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, तुमी बाजाराला जाता, मग हसायला कुनी नसतं. हे मात्र खरं होतं. मी शनिवार चुकवत नसे. बाजारात जायचो ते दुसऱ्यांचे बैल बघायला, आणि आपलाच बरा असं ठरवून घरी यायला. माझा पाखऱ्या सोळा वर्षांचा झालेला, मागच्या पायानं अधू, काम बंद. पोरगा विका म्हणायचा. मी म्हणायचो, आधी मला वीक. त्याच सुमारास घरातला गूळ फार संपायला लागला. मी बायकोवर तोंड टाकलं, मग उंदरांसाठी पिंजरा आणला. पिंजऱ्यात काही घावलं नाही.

ही तालमीची खोड कुठून लागली ते बायकोनं मला सांगितलं, आक्कानं कधी नाही. एका साली ट्रक सुटायच्या घाईत तिची कुत्री मागं राहिली होती. सहा महिन्यांनी आक्का परत आली तर दारात नुसता कुत्रीच्या बसण्यानं पडलेला खळगा होता.

तर त्या एकोणीस साली धरणातून पाणी सोडणार म्हणून दवंडी आली. आक्का न्याहारीच्या आत सगळं घेऊन शाळेत. मी म्हणालो, नदीकाठच्या चिंचेच्या वर पाणी माझ्या बापानं पाहिलं नाही, मी हलणार नाही. दुपारी पाणी चिंचेच्या वर गेलं. टेकडीच्या वाटेवरचा ओढा छातीएवढा भरला. पोरगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माझ्या बायकोला, सुनेला सोडून आला, आता दुसरी खेप आमची. पण पाखऱ्या जन्मात कधी गाडीत चढलेला नाही, आणि त्या पायानं तो ओढ्यात टिकला नसता. आम्ही ओढलं, ढकललं. तो चारी पाय रोवून उभा. गोठ्यात पाणी शिरलं. पोरगा म्हणाला, “अण्णा, दावं कापा. जगला तर जगंल.” मी दाव्याला हात घातला आणि कापता येईना. म्हणालो, तू जा, आम्ही दोघं बघतो आमचं.

तेवढ्यात ट्रॉलीतून आक्का उठली. त्या खेपेला ती आली होती हे मी पाहिलंच नव्हतं. तिनं पोराला गोठ्यामागचं जुनं दार आणायला लावलं, ते ट्रॉलीला टेकवलं आणि वर उभी राहून ताटली तीनदा वाजवली. पाखऱ्यानं कान टवकारले. मग माझा बैल, लग्नाला निघाल्यासारखा, दारावरून चढून वर गेला आणि तिच्या हातातला गूळ चाटायला लागला.

मी पाण्यात तसाच उभा. विचारलं, “कवापासनं?”

“चार वरसं झाली. दर शनिवारी, तुमी बाजारात आसताना.”

“बैल माझा हाय, आक्का.”

“व्हय की. पूर तुमाला इचारून येनार हुता का? चढा आता. तुमाला बी गूळ दिऊ?”

ओढा पार झाला. शाळेत बायको माझ्याकडं बघेना. उंदरांच्या पिंजऱ्याबद्दल ती पुढं दोन वर्षं हसत होती.

आक्का गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ताटली माझ्याकडं आहे. खोलीच्या भिंतीला मी खिळा ठोकला नाही. शनिवारी बाजाराला जाणं सुटलं आहे, गुडघे दुखतात म्हणून, असं मी सांगतो.

पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. शाळेच्या व्हरांड्यात आक्का भिंतीला टेकून बसली होती, मुकादम तिच्या मांडीवर, ताटली पायाशी. मी वाकलो. ताटली उचलताना हात तिच्या पायांना लावला, दोन्ही, नीट.

“काय हुडकताय, पावनं?”

“ताटली,” मी म्हणालो. टोपी सरळ केली, आणि पाखऱ्यापुढं जाऊन ती तीनदा वाजवली.