खाली काय लिहिलंय?

प्रेमाच्या सिनेमांबद्दल माझ्या मावशीचं पहिलं आणि शेवटचं मत असं, की त्यात कोणाच्याही कपड्यांना सुरकुती नसते. नायिका रात्रभर गाडी चालवत गावी येते आणि उतरते तेव्हा बाहीची घडी जागच्या जागी. "ही बया बसते तरी का खाली कधी?" मावशी विचारते. हॉटेलच्या धुलाईखान्यात एकवीस वर्षं इस्त्री केलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. सकाळी सहा ते दुपारी दोन, आठवड्याचे सहा दिवस, पाहुण्यांचे शर्ट आणि वेटरांचे गणवेश. तिचा उजवा खांदा आता डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. पडद्यावर देखणा सुतार आला की ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, कॉलरीकडे बघते. "आई वारली, बायको सोडून गेली, एकटा राहतो म्हणे. मग ह्याची कॉलर करतं कोण?"

हे सिनेमे रविवारी दुपारी तीनला एका चॅनेलवर लागतात आणि त्यामागोमाग पाचला एक मालिका. दोन्ही परक्या भाषेतले, खाली आपल्या भाषेत ओळी येतात. आपल्या भाषेतल्या मालिका मावशीने कधीच सोडल्या. "एक थोबाडीत मारतात आणि तीनदा दाखवतात. मी एक शर्ट तीनदा इस्त्री केला तर मुकादम मला घरी बसवील." सिनेमांचं गणितही तिला पाठ आहे. मोठ्या शहरातली नोकरीवाली बाई लहान गावात येते, बापाची बेकरी वाचवायला. त्या बेकरीत कधी पीठ सांडत नाही. मग सुतार भेटतो. तासाभराने तो दुसऱ्याच एका बाईच्या गळ्यात पडलेला दिसतो. ती असते त्याची बहीण, पण ही विचारत नाही, तडक बॅग भरायला घेते.

"एक वाक्य," मावशी बोट वर करून म्हणते. "एक वाक्य बोलली असती तर सगळं मिटलं असतं. पण मग ह्यांनी उरलेला अर्धा तास भरायचा कशाने?"

दर रविवारी ती हे म्हणते आणि दर रविवारी बघते. दमलेल्या माणसाला पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. मी सहा दिवस दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. सातव्या दिवशी मावशीकडे भिंतीला पाठ टेकून बसते आणि कोणी माझं नाव घेतलं नाही तर उपकार मानते.

शेजारी खुर्चीत मावशीची थोरली जाऊ असते. त्यांना आम्ही सगळेच जाऊबाई म्हणतो, आमच्यापैकी कोणाच्याही त्या जाऊ लागत नसल्या तरी. 'जावा जावा, उभा दावा' ही म्हण ह्या दोघींना बघूनच कोणीतरी केली असावी. जाऊबाई शिकलेल्या, नवऱ्याला रोज पेपर वाचून दाखवायच्या, तोही खणखणीत आवाजात. मावशीने चौथीत शाळा सोडलेली. ती दुकानाची पाटीसुद्धा अक्षर अक्षर जुळवून वाचते. तीस वर्षांत जाऊबाईंनी तिच्या एकाही कामाला चांगलं म्हटलेलं नाही. फार खूश झाल्या तर "चालेल" म्हणायच्या. पुढे दोघींचे नवरे गेले, आणि काचबिंदूने जाऊबाईंची नजर नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. घरात राहिल्या दोघी, आणि वाचून दाखवायचं काम आलं मावशीकडे. देवालाही थट्टा करता येते, असं मला तेव्हा वाटलं.

सुरुवातीला नुसते हाल होते. ओळ उमटायची, मावशी "मी... तुला... कधी..." इथवर पोचायची, तोवर ओळ गायब.

"कधी काय?" खुर्चीतून आवाज.

"कधी सोडून जाणार नाही," मावशी ठोकून द्यायची.

सिनेमात ते खपून जायचं. सुतार दुसरं काय म्हणणार? मालिकेत मात्र पंचाईत झाली.

मालिका समुद्रकाठी चार खोल्या भाड्याने देणाऱ्या एका विधवेची होती. तिचा एकुलता एक मुलगा पहिल्याच भागात भांडून घर सोडतो. जाऊबाईंचाही एकुलता एक मुलगा अकरा वर्षांपूर्वी असाच गेला, आईशी तोंडातोंडी करून, दूरदेशी. आधी महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. मग त्याचा नंबर बदलला आणि नवा त्याने कळवला नाही. घरात हा विषय निघत नाही.

मालिकेच्या चौथ्या की पाचव्या भागात पोस्टमन त्या विधवेला एक पाकीट देतो. ती ते उघडते आणि खाली लांबलचक ओळ येते. मावशीने पहिले दोन शब्द जुळवले आणि ओळ गेली.

"कोणाचं पत्र?" जाऊबाईंनी विचारलं.

"मुलाचं," मावशी म्हणाली.

ते विजेचं बिल होतं. पुढच्या ओळीत ते तिला कळलं, पण बोलून तर बसली होती. पुढच्या रविवारी जाऊबाई पावणेपाचलाच केस विंचरून, चष्मा लावून खुर्चीत हजर. दिसत काही नसताना चष्मा!

"आता त्या चष्म्याला मी काय सांगू, बिल होतं म्हणून?" हे मावशी मला नंतर म्हणाली.

मग पत्रं येतच राहिली. मावशी ती धुलाईखान्यात उभ्या उभ्या रचायची. मुलगा लिहायचा की खोलीला एकच खिडकी आहे पण सकाळचं ऊन येतं; कपडे माझे मीच धुतो, कॉलर काही साधत नाही. एका पत्रात त्याने लिहिलं, तुझ्या रागावण्याचा कंटाळा यायचा, पण आता कोणी रागावत नाही तर घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. पुढे पुढे तर लवकरच घरी येतो, असंही लिहायला लागला. पडद्यावर विधवा ढसाढसा रडत असायची.

"रडतेय का ती?" जाऊबाई विचारायच्या.

"आनंदाने," मावशी म्हणायची. खोटं बोल पण रेटून बोल.

मी एरवी सिनेमा संपला की निघायचे. एका रविवारी बस बंद होत्या म्हणून थांबले, आणि खाली लिहिलेलं एक, मावशी वाचतेय भलतंच, हे माझ्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात गाठून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. "काय बिघडलं?" वर मलाच म्हणाली. "त्यांचा जीव रमतो." काही बिघडलं नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. आपल्याला काय, आपण दर रविवारी आयता चहा पिणारी माणसं.

बिघडलं गेल्या महिन्यात. जाऊबाई पुढच्या खोलीत झोपतात आणि न्हाणीघर आहे अगदी मागे. पहाटे चाचपडत जाताना उंबऱ्याला अडखळून पडल्या, मनगट मोडलं. डॉक्टरांनी बजावलं की त्यांना न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत हलवा, पुढच्या वेळी खुबा जाईल, आणि खुबा गेला तर त्या उठणार नाहीत. तशी खोली घरात आहे. ती मुलाची. मावशी दर आठवड्याला तिथली चादर काढते, धुते, इस्त्री करते आणि परत घालते. अकरा वर्षांत तिच्यावर कोणी झोपलेलं नाही.

"त्या खोलीत नाही," जाऊबाई म्हणाल्या. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवलेला. "आधी मीही म्हणायचे, नाही येणार. पण मालिकेतल्या त्या बाईचा येतोय ना? इतकं भांडून गेला तरी लिहितोय ना? माझा आला आणि त्याच्या पलंगावर मी, असं नको."

मी मावशीकडे पाहिलं. पाहुण्याच्या शर्टावर इस्त्री तशीच राहून वास सुटला की तिचा होत असेल, तसा चेहरा झाला होता.

ह्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. तीनला नेहमीप्रमाणे सिनेमा लागला; सुताराच्या जागी ह्या वेळी गुरांचा डॉक्टर होता, एवढाच फरक. गोठ्यातून बाहेर आला तरी शर्ट पांढराशुभ्र. मावशीने कॉलरीकडे बघितलंही नाही. तासाभराने नायिकेने बॅग भरायला घेतली, तेव्हा सवयीने मावशीचं बोट वर गेलं. "एक वाक्य," ती म्हणाली, आणि बोट खाली घेऊन चहा टाकायला उठली. मी मागोमाग गेले.

"मावशी, एकच वाक्य आहे."

"सिनेमात सोपं असतं," ती गॅसकडे बघत म्हणाली. "बोलून झालं की गाणं लागतं आणि सगळे हसतात. तू साडेसहाच्या बसने जाशील. मग घरात मी आणि त्या. त्या बोलायच्या थांबल्या तर मी कोणाशी बोलू?"

"आणि परत पडल्या तर?"

"कळतंय गं मला. महिना झाला झोप नाही." तिने उजवा खांदा दाबला. "दमले मी. दिवसभर लोकांचे शर्ट, आणि वरून त्याची पत्रं. त्याने एकदा स्वतः लिहिलं असतं तर काय झिजला असता का तो?"

पाच वाजले. जाऊबाई चष्मा लावून तयार होत्या. पडद्यावर त्या विधवेच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस टोपी मांडीवर धरून बसला होता. मावशी उठली, टीव्हीला चिकटून उभी राहिली आणि ओळ आली तसं काचेवर बोट ठेवून वाचू लागली. माणूस थांबून थांबून बोलत होता, म्हणून तिला जमलं.

"तो... बरा... आहे. त्याने तिकडे... घर केलंय. त्याने सांगायला... सांगितलंय..."

"काय सांगितलंय?"

मावशीचं बोट काचेवरच राहिलं. "तो येणार नाही."

"असं कसं? पत्रात तर..."

"पत्रं नव्हती, जाऊबाई. पहिल्या दिवशी ते विजेचं बिल होतं. मला ओळ पुरी वाचता आली नाही, मी आपलं मुलाचं म्हटलं. पुढची सगळी मी रचली. त्याने एकही लिहिलं नाही."

एक वाक्य म्हणता म्हणता पाच झाली. मी भिंतीला अशी चिकटले की भिंतीने आत घेतलं असतं तरी चाललं असतं. जाऊबाईंचा चेहरा टीव्हीच्याच दिशेला होता. तिकडे नुसती पावलं वाजत होती, लाकडी जिन्यावरची.

"खाली काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही लिहिलेलं. कोणी बोलतच नाहीये."

"मग दिसतंय ते सांग."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'सांग' म्हटलं.

"ती वर गेलीय. त्याच्या खोलीचं दार उघडलंय. उभीच आहे. आता पलंगावर बसली." मावशीने काचेवरचं बोट काढलं. "चादरीवरून हात फिरवतेय. आडवी झाली, चपला पायात तशाच. चादर चुरगळलीय, जाऊबाई. सगळी चुरगळलीय."

खरंच चुरगळली होती. मी बघत होते.

"मग?"

"मग नावं यायला लागली."

जाऊबाईंनी चष्मा काढला, एका हाताने काड्या मिटल्या आणि मांडीवर ठेवला. मला वाटलं आता फुटतील. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती तीन-चारदा गुरगुरून बंद पडली.

"माझी गादी तिकडे टाक," त्या म्हणाल्या. "आजच टाक. ही आहे तोवर उचलून होईल."

आम्ही दोघींनी गादी नेली. मावशीने पलंगावरची चादर काढून परत घातली, कोपरे ओढून. मी जाऊबाईंना दंडाला धरून आणलं. त्या पलंगावर बसल्या, बऱ्या हाताने चादर चाचपली, भिंत चाचपली, न्हाणीघराचं दार हाताला लागतंय का पाहिलं. लागत होतं.

"ते घड्याळाचं," त्या म्हणाल्या. "कोणी रागावत नाही तर घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. ते कोणाचं?"

"माझंच," मावशी म्हणाली.

"तरीच. त्याला कुठून सुचायला." मग दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या, "पत्रं चांगली होती."

मावशी उशी हातात धरून उभी होती. तिने अभ्रा ओढून सारखा केला, तो आधीच सारखा होता, आणि परत एकदा केला. डोळे भरले की तिला दिसत नाही, म्हणून मी उशी तिच्या हातातून घेऊन पलंगावर ठेवली. माझी साडेसहाची बस गेली.